चिठ्ठीसाठी थांबू नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. काल रात्री कंडोम फाटला, नाशिकच्या पंचवटीतल्या केमिस्टनं गर्भ राहू नये म्हणून तातडीनं घ्यायच्या गोळीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, आता सोमवारी ओपीडीत जाऊ का, असं विचारलंयस. अजिबात थांबू नकोस. (एकेरी लिहितेय, राग मानू नकोस. आणि मी डॉक्टर नाही, ठेच लागलेली बाई आहे.)

मी हेच केलं होतं. शनिवारी रात्री प्रकार घडला, रविवारी दुकानदार "चिठ्ठी आणा" म्हणाला आणि मी मुकाट घरी आले. दुसरं दुकान दहा पावलांवर होतं! सोमवारी रजा टाकून एका दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईंनी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काय होतंय? मिस्टर कुठंयत?" मी म्हटलं, पाठ दुखतेय. पाठ! मग काय, हाडांच्या डॉक्टरांबाहेर दीड तास बसले. तिथून उठून बायकांच्या विभागात पोचेस्तोवर मॅडम निघून गेल्या होत्या. "उद्या या." मंगळवारी अकराला मॅडमनी मान वरही न करता सांगितलं, "हिला चिठ्ठी लागत नाही." तोवर साठ तास झाले होते. गोळी घेतली, पण पुढे टेस्टवर दोन रेघा आल्याच.

खरं सांगायचं तर बाराव्या तासाला घेतली असती तरी कदाचित फसली असती. गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. ते आधीच पडलं असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणून तर एकेक तास महत्त्वाचा. पाकिटावर ७२ तासांच्या आत घ्या असं असतं, पण तो निवांत वेळ नव्हे, आणि गोळीनंतर ७२ तास मोकळीक असाही त्याचा अर्थ नाही (माझ्या मैत्रिणीनं तसा लावला होता).

लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, म्हणजे आय-पिल किंवा अनवॉन्टेड-७२, आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळते. चिठ्ठी लागते ती गर्भपाताच्या गोळ्यांना. दुकानदार गल्लत करतात की मुद्दाम करतात, देव जाणे. सीबीएस किंवा कॉलेज रोडच्या गर्दीच्या दुकानात जा, मोबाइलवर नाव दाखव, आणि "मिस्टर" विचारलं तर पुढच्या दुकानात. वाद घालत बसू नकोस, तो नंतर घाल.

दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. वजन सत्तरच्या वर असेल, किंवा टीबीच्या अथवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील, तर हिचा भरवसा कमी. मग डॉक्टरांना तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) विचार. पाच दिवसांच्या आत बसवली तर ती गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. मला हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही, याचा राग अजून आहे.

पाळी थोडी मागंपुढं होईल. आठवडाभर उशीर झाला तर टेस्ट कर. आणि हो, दवाखान्यात गेलीसच तर केसपेपरवर खरं कारण लिहायला सांग.