डेस्मिनचा रिपोर्ट आलाय ना? पायांआधी हृदय तपासा

ताई, मिस्टरांच्या स्नायूच्या बायोप्सीत 'मायोफायब्रिलर मायोपॅथी, डेस्मिनचे साठे' (स्नायूंचा जनुकीय आजार, यात डेस्मिन नावाचं प्रथिन साठतं) आलंय आणि स्टिरॉइड सुरू करायचे का, असं तुम्ही विचारलंत. मी डॉक्टर नाही. पण माझ्या थोरल्या भावाला हेच निघून ११ वर्षं झाली.

दादाची सुरुवात चपलेपासून झाली. राजवाड्याकडून सराफ्यात चालताना उजवी चप्पल गळून पडायची आणि त्याला पत्ताच नसायचा. चवडा उचलला जात नव्हता. इंदूरातच एकाने 'उम्र का असर है' म्हणून परत पाठवलं (वय ३९!), दुसऱ्याने कमरेचा एमआरआय काढला. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) जेमतेम वाढलेलं. या आजारात ते नॉर्मलही असू शकतं. तिसऱ्याने पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंची सूज, धरून सहा महिने स्टिरॉइड दिले. साखर वाढली, पाय होते तसेच.

डेस्मिन म्हणजे स्नायूतले तंतू रांगेत बांधून ठेवणारी दोरी. जनुकातल्या दोषामुळे तिची गुंतवळ होऊन ती पेशीतच साठते, इतर प्रथिनंही त्यात अडकतात. मूळ दुखणं सुजेचं नाही, मग स्टिरॉइड काय करणार? साठे विरघळवणारं औषध आज नाही. जाऊबाई म्हणतात ते तेल-मालिश करा हवं तर, बरं वाटतं. फिजिओ आणि घोट्याचा स्प्लिंट यांनी मात्र दादाचं पडणं खरंच कमी झालं.

पण हीच दोरी हृदयाच्या स्नायूतही असते. दादाला चक्कर यायची ती आम्ही उन्हाची समजत होतो. २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सतत काढलेला ईसीजी) हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातले विजेचे संदेश अडणं, निघाला आणि पेसमेकर बसवावा लागला. म्हणून ईसीजी, इको, होल्टर या आठवड्यातच करा, आणि नॉर्मल आले तरी डॉक्टर सांगतील तसे पुन्हा करत राहा. सकाळी डोकं दुखतं का, आडवं झाल्यावर दम लागतो का, हेही विचारा. श्वासाचे स्नायू दमले की असं होतं.

जनुक तपासणी पूर्ण पॅनेलची, म्हणजे या आजाराच्या सगळ्या जनुकांची एकदम, घ्या. डेस्मिन साठलं म्हणजे दोष डेस्मिनच्याच जनुकात असेल असं नाही. मायोटिलिन, फिलामिन सी, अल्फा-बी क्रिस्टॅलिन या प्रथिनांच्या जनुकांतही असतो. बहुतेकदा दोषी जनुकाची एक प्रत पुरते, म्हणजे प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. मुलांचं घाईने नको, आधी जेनेटिक कौन्सेलरशी बोला. दिरांना मात्र सांगाच. मी माझी तपासणी दोन वर्षं टाळली, शेवटी केली, काही निघालं नाही. बहिणीचं निघालं. ती आजही तीन जिने चढते, पण ईसीजी बिघडलेला होता.

होल्टर झालं की कळवा.