पुराव्याशिवाय इतिहास?

प्रश्न : पदवीच्या पहिल्या वर्षाला इतिहासाचा प्रास्ताविक अभ्यासक्रम घेतला आहे. सनावळ्या पाठ असूनही माझ्या उत्तरांवर ‘पुरावा काय?’ असा शेरा येतो. नेमके काय अपेक्षित असते?

उत्तर : सनावळ्यांचे पाठांतर वाया जात नाही, घटनांचा क्रम ठाऊक नसेल तर कारण आणि परिणाम यांची गल्लत होते. मात्र या अभ्यासक्रमाचा खरा भर माहिती कुठून आली हे तपासण्यावर असतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडील सत्ता पोपला बहाल केली, असे सांगणारे दानपत्र कित्येक शतके खरे मानले जात होते. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या विद्वानाने त्यातील लॅटिन बारकाईने वाचले, तेव्हा ‘सत्रप’ (प्राचीन इराणमधील प्रांताधिकारी) यासारखे, चौथ्या शतकातील रोमच्या दरबारी लेखनात न शोभणारे शब्द त्याला खटकले आणि दस्तऐवज बनावट असल्याचे त्याने दाखवून दिले. (परीक्षेत बहुधा साल विचारतात, पद्धत क्वचितच, हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे.) तेव्हा यापुढे महत्त्वाच्या विधानाला आधार देताना, तो ज्या साधनातून (म्हणजे मूळ लेख, पत्र वा दस्तऐवजातून) घेतला ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिले हे एका वाक्यात नोंदवा. दोन साधनांत विसंगती आढळली तर ती झाकू नका, उत्तराची सुरुवातच तिथून करा.