मामेभावाला आत्महत्येबद्दल थेट विचारू का?

तुमचा मामेभाऊ लातूरला नीटची तयारी करतोय, महिनाभर गप्प आहे आणि "मी नसलो तरी कुणाचं काय अडतंय" असं दोनदा बोलला. थेट विचारलं तर नसता विचार त्याच्या डोक्यात भरेल, ही तुमची भीती.

नाही भरत. विचारा, आणि आजच विचारा.

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने मन लावून काढलेल्या नोट्स मित्राला देऊन टाकल्या. "मला आता काय करायच्यात?" म्हणाला. मी हसून म्हटलं, "अरे, एवढं काय मनावर घेतोस!" त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. त्याच्या रूममेटने मात्र मेसच्या पायरीवर बसून सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?" तो तासभर रडला. मग बोलला. मार्क हे निमित्त होतं. वडिलांचं कर्ज, रात्र रात्र झोप नाही, वर्गात सगळ्यांसमोर झालेला अपमान, असं बरंच साचलं होतं. एकाच कारणाने असं होत नाही, पेपरात काहीही छापून येवो. आधी कधी असा प्रयत्न केलेला असेल, तर धोका सगळ्यात जास्त.

त्यामुळे विचारताना "तसलं काही नाही ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. आणि तो बोलायला लागला की आईबापाच्या कष्टांचा पाढा नको. आपण ओझं झालोय असं त्याला आधीच वाटतंय.

"कुणाला सांगू नकोस" म्हणाला तर वचन देऊ नका. मामा-मामींना सांगा. घरातली औषधं, शेतात फवारायची औषधं कुलपात ठेवायला लावा; ती टोकाची घटका बऱ्याचदा टळते, पण ती टळेपर्यंत हाताशी काही नसावं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. 14416 हा सरकारी टेलि-मानसचा फुकट नंबर, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःही लावू शकता. जिवावरचं वाटलं तर 112 किंवा सरळ सिव्हिल हॉस्पिटल.

मामांना पोलीस केसची धास्ती असेल (आमच्याकडे पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो), तर सांगा की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसालाही शिक्षा नाही, उपचार द्यायचे ठरवलंय.

तो मुलगा वर्षभर औषधं घेत होता. नोट्स त्याने परत मागून घेतल्या, त्याही मित्राशी भांडून.