पंधराव्या क्रमांकाचं दुखणं

प्रश्न : सर, मी मानवतचा (जि. परभणी). वय २६, कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचं शेवटचं लीग विजेतेपद मी आठवीत असताना बघितलं, तेव्हापासून हाच संघ. २०२४-२५च्या मोसमात मात्र पार वाट लागली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघांत पंधरावा नंबर, वर युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगचा अंतिम सामनाही टॉटनहॅमकडून हरलो. तो सामना मी रात्री साडेबाराला गच्चीवर मोबाईलवर बघितला. सकाळी दुकानात गिऱ्हाईकाशी बोलायची इच्छा नव्हती. वडील म्हणतात, "सोयाबीनला भाव नाही, अन् हा गोऱ्यांच्या चेंडूसाठी रडायलाय." मित्र सगळे क्रिकेटवाले, "लिव्हरपूल धर की, जिंकायलंय ते" म्हणून चिडवतात. आपला संघ एवढा खाली कसा गेला? संघ बदलावा, की फुटबॉलच सोडावा? आणि अकरा वर्षांचा पुतण्या आता युनायटेडची जर्सी मागतोय, त्याला काय सांगू?
— एक वाचक, मानवत

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. ३८ सामन्यांत १८ पराभव, ४२ गुण. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून या क्लबचे इतके कमी गुण कधीच झाले नव्हते. एवढं बघूनही ज्याला झोप लागते, त्याने स्वतःला चाहता म्हणवून घेऊ नये. फक्त राग कुणावर धरायचा ते नीट बघा, कारण सध्या सगळे एखाद्या खेळाडूच्या नाहीतर प्रशिक्षकाच्या नावाने खडे फोडताहेत.

२०२४च्या उन्हाळ्यात क्लबने प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवला, त्यांच्या पसंतीचे खेळाडू विकत घेतले आणि ऑक्टोबरअखेर त्यांनाच काढून टाकलं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या जागी रुबेन अमोरिम आले. त्यांना खरं तर मोसम संपल्यावर यायचं होतं, पण क्लबने आत्ताच या म्हणून धरलं. त्यांची पद्धत मागे तीन बचावपटू ठेवण्याची. त्यात दोन्ही कडांना असे गडी लागतात, जे बचावालाही परत येतील आणि पुढे जाऊन गोलसमोर चेंडूही टाकतील. युनायटेडचा संघ बांधलेला होता मागे चार ठेवण्यासाठी. मोसमाच्या मधोमध, आठवड्यात दोन-दोन सामने असताना, हे शिकवायला सराव कधी करणार? मी शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवण्यात उभी हयात घालवली. एका पोराची जागा बदलली, तर शेजारच्या दोघांची पाठ कुणाकडे असावी इथपासून सगळं नव्याने घोटून घ्यावं लागतं. पायाला सवय झालेली असते, ती सांगून सुटत नाही.

त्यात गोल करणारा माणूस नाही. रास्मुस होयलुंदचे लीगमध्ये अख्ख्या मोसमात चार गोल. अख्ख्या संघाचे मिळून ४४. अशा संघाचा बचाव कितीही चांगला असला तरी शेवटी दमतोच, आणि यांचा तर चांगलाही नव्हता.

पण मुळाशी जायचं तर २००५ सालापर्यंत जावं लागेल. ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच बोकांडी. जिंकण्याची घडी प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी बसवलेली होती, तोवर हे झाकून राहिलं. २०१३ला ते निवृत्त झाले आणि उघडं पडलं. नंतरचे प्रशिक्षक मॉयेस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शेर, टेन हाग, अमोरिम. येणारा प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीचा, आणि आधीच्याने घेतलेले खेळाडू नव्याच्या उपयोगाचे नाहीत. २०२४ला उद्योगपती जिम रॅटक्लिफ मालकीत भागीदार झाले, तर कात्री लागली ती अडीचशेच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांना, आणि मोसम चालू असतानाच उरलेल्या तिकिटांचा दर केला ६६ पौंड. म्हणजे तेव्हाचे आपले सात हजार रुपये. त्यात लहान मुलांना, म्हाताऱ्यांनाही सवलत नव्हती. मला या सगळ्या मोसमात सर्वांत जास्त चीड याची आली. सामना हरणं हा खेळाचा भाग आहे, बापाचं बोट धरून आलेल्या पोराकडून पूर्ण पैसे घेणं हा नाही.

खुद्द मँचेस्टरमध्ये लोकांनी याविरुद्ध मार्चमध्ये काळे कपडे घालून मोर्चा काढला. तुमच्या पत्रात मला जे जाणवलं ते इथे सांगतो. तिकडचा माणूस हरल्यावर हजारो लोकांसोबत शिव्या देत घरी जातो. बसमध्ये, गुत्त्यात, कामावर तेच बोलणं चालतं आणि दुःख वाटून घेतलं जातं. तुम्ही मानवतच्या गच्चीवर एकटे. अंतिम सामन्यात होयलुंदचं हेडर रिकाम्या गोलकडे निघालं होतं आणि टॉटनहॅमच्या व्हान डे व्हेनने अंग हवेत झोकून देऊन रेषेवरून चेंडू बाहेर काढला. त्या क्षणी तुमच्या तोंडून जे निघालं असेल ते ऐकायला कुणीच नव्हतं, उलट घरचे उठू नयेत म्हणून ते गिळावं लागलं असेल. दुखतंय ते हे जास्त. लिव्हरपूल धरल्याने ते जाणार नाही, तिथेही तुम्ही एकटेच असाल.

म्हणून संघ बदलू नका, जोडीदार शोधा. परभणीत, सेलूत, पाथरीत कॉलेजच्या मैदानांवर संध्याकाळी चक्कर टाका. लाल जर्सी घातलेला एखादा सापडेलच, दुसऱ्या संघाच्या निळ्या जर्सीवालाही चालेल. शनिवारचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, थंडीत साडेआठला असतो. तेवढा चौघांनी मिळून बघायला हरकत काय? मध्यरात्रीचे सामने मात्र निवडून बघा. त्या मोसमात एप्रिलमध्ये युरोपा लीगला फ्रान्सच्या ल्योनविरुद्ध जादा वेळेत २-४ असे मागे पडून शेवटच्या काही मिनिटांत ५-४ जिंकले, तशी रात्र जागण्यासारखी. बाकीचं सकाळी बघितलं तरी चालतं, कामावर जायचंय.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, हा क्लब याहून खाली गेलेला आहे. १९७४ला थेट दुसऱ्या श्रेणीत उतरला, पण पुढच्याच वर्षी तिथली स्पर्धा जिंकून परत वर आला. १९८९-९०ला खुद्द फर्ग्युसन यांच्या हाताखाली तेरावा होता. त्याच मोसमात एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकला आणि पुढे जे झालं ते तुम्ही आठवीत बघितलंतच. या वेळीही तसंच होईल असं मी म्हणत नाही. तेव्हा एका माणसाला वेळ द्यायची मालकांची तयारी होती, आता ती दिसत नाही. २०२५-२६च्या मोसमात युरोपातली कुठलीच स्पर्धा नसल्याने आठवडाभर सरावाला मिळणार होता, एवढीच जमेची बाजू.

वडिलांशी वाद घालू नका. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी, हे तुम्ही दुकानात रोज बघितलंय. त्यांचं बोलणं त्या तळतळाटातून येतंय, त्यात तुमच्या फुटबॉलवर राग नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासोबत शेतावर जात चला.

पुतण्याला जर्सी घ्या, पण आधी चेंडू घ्या. अकरा वर्षांच्या मुलाला चार नंबरचा लागतो, दुकानदार पाच नंबरचा माथी मारतात, तो त्याला जड जाईल. पाऊस पडला की आपली काळी माती बुटाला अशी चिकटते की पोराला पाय उचलवत नाही, म्हणून पावसाळाभर शाळेच्या मुरमाड कडेला खेळवा. पहिले काही दिवस फक्त पायाच्या आतल्या बाजूने पास द्यायला लावा, दोन्ही पायांनी, आणि समोर तुम्ही स्वतः उभे राहा.