देवाच्या चित्रात उंदराचा सापळा कशाला?

प्रश्न : मुलगी नाशिकला ड्रॉइंग शिकते, तिने मोबाईलवर एक चित्र पाठवलं, तीन फळ्यांचं, जुनं, ख्रिस्ती लोकांचं. मधे मरीया वाचत बसलीय, समोर देवदूत, ते कळलं. पण उजवीकडे एक म्हातारा सुतार चक्क उंदरांचे सापळे बनवतोय! सासूबाई बघून म्हणाल्या, "ओ माय, हाई काय शे?" आणि चित्राला दारं का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, ते मेरोद अल्टारपीस, अल्टारपीस म्हणजे चर्चच्या वेदीवर ठेवतात तसं चित्र. साधारण १४२७ ते १४३२ च्या दरम्यानचं, आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावच्या रॉबेर कांपँ या चित्रकाराच्या वर्कशॉपमधलं, आता न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममध्ये आहे. नाव मोठं पण चीज छोटी, उंची जेमतेम दोन फूट आणि पूर्ण उघडलं तरी चारेक फूट रुंद, कारण ते चर्चसाठी नव्हतंच, घरात प्रार्थना करायला होतं. दारं त्यासाठीच, आपण देव्हाऱ्याची लावून घेतो तशी बाजूच्या दोन फळ्या मधलीवर मिटायच्या.

आता सापळा. तो म्हातारा म्हणजे मरीयेचा नवरा योसेफ. एक सापळा त्याच्या बाकावर आहे, दुसरा खिडकीबाहेरच्या फळीवर, गिऱ्हाइकाला दिसेल असा. संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताने लिहून ठेवलं होतं की प्रभूचा क्रूस हा सैतानासाठी लावलेला उंदराचा सापळा, येशूचं मरण हे आमिष, सैतान ते खायला गेला आणि अडकला. मायर शापिरो नावाच्या अभ्यासकाने १९४५ मध्ये हा धागा जुळवून दाखवला. सगळ्यांना तो पटतो असं नाही, काहीजण म्हणतात सुतार आहे, करतोय सुतारकाम. मला विचाराल तर शापिरोचंच पटतं, कारण मधल्या फळीत वर डावीकडे गोल खिडकी आहे ना, मुलीला सांगा झूम कर, उन्हाच्या तिरिपीवरून इवलंसं बाळ, म्हणजे मरीयेच्या पोटी येणारा येशू, खाली येतंय आणि त्याच्या खांद्यावर आत्ताच क्रूस आहे! टेबलावरची मेणबत्ती नुकतीच विझलीय, धूर अजून वर जातोय. मरीयेने मात्र पुस्तकातून मान वर केलेली नाही.

आणि हे सगळं घडतंय कुठे, तर त्या काळच्या साध्या, खात्यापित्या माणसाच्या घरात. कोनाड्यात टांगलेलं तांब्याचं भांडं, बाजूला टॉवेल. श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते तेव्हा आपण घर रंगवतो, भांडी घासतो, पण बाई येते ती आपल्याच घरात ना, तसंच काहीसं.

ते भांडं इतकं चकचकीत दिसतं त्यात जवसाच्या तेलाचा मोठा हात आहे, हो, आपण चटणी करतो तेच जवस. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग लगेच वाळतो, तेलातला हळूहळू, म्हणून ओकच्या फळीवर पातळ थरावर थर देता येतात आणि खालचा रंग वरून झिरपल्यासारखा दिसतो.

डाव्या फळीत अंगणात गुडघे टेकून बसलेत ते चित्र करून घेणारे नवराबायको. दार अर्धं उघडं, आत डोकावतायत. त्यातली बायको मागाहून रंगवलेली आहे, बहुतेक लग्न नंतर झालं असावं. आपल्याकडे नवी सून आली की फॅमिली फोटो परत काढतात, यांनी जुन्यातच बसवली.