तिला ओढत नेऊ नकोस, तिच्यासोबत जा

«ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीवर तिच्या ओळखीतल्याच माणसाने बळजबरी केली. त्या रात्री ती थेट माझ्याकडे आली. मला काही सुचेना. म्हटलं, आधी अंघोळ कर आणि झोप. आज अकरा दिवस झाले. पोलिसांचं नावही काढू नकोस म्हणते. ‘मी ओरडले का नाही?’ हे तर सारखं चालूच. वाटतं, ओढत का होईना, तिला पोलिसांकडे न्यावं. पण पुरावा मीच घालवून बसले. काय करू?»

प्रिय मैत्रिणी,

आधी अंघोळीचा विषय मनातून काढ. अंघोळीने सगळा पुरावा जातो असं नाही. काही नमुने शरीराच्या आतून घेतात, त्यामुळे अंघोळ झालेली असली तरी साधारण तीन ते पाच दिवस, काही ठिकाणी सातव्या दिवसापर्यंतही, तपासणी करतात. ती मुदत आता टळली. पण त्या रात्रीचे कपडे आहेत का? असले तर कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. धुतले असतील तरी टाकू नका. त्याचे मेसेज, कॉल पुसू नका.

आता मुख्य गोष्ट. तू उपचार आणि तक्रार एकत्र बांधून टाकली आहेस, म्हणून ती दोन्हींपासून लांब पळते आहे. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं, आणि तेही आजच ठरवायला हवं असं नाही. एकदा तिच्या मनाविरुद्ध घडलं आहे. तिच्या भल्यासाठी का होईना, आपण पुन्हा तसं करायचं नाही. डॉक्टरांकडे जाणं मात्र लांबवू नका. लैंगिक आजारांची तपासणी, हिपॅटायटिस बीची लस, आणि घटनेला तीन आठवडे झाले की गर्भचाचणी, हे सगळं अजून हातात आहे. एचआयव्हीची चाचणी पुढे पुन्हा करावी लागते, तिचं वेळापत्रक तिथेच विचारून घ्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही सांगते. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यायची असतात. गर्भ राहू नये म्हणून तातडीचे उपाय १२० तासांपर्यंत करता येतात, पण जितकं लवकर तितकं चांगलं.

कुठे जायचं? घराजवळ असं केंद्र असेल, जिथे याच कामाचं शिक्षण घेतलेली नर्स आहे, समुपदेशक आहे आणि पहिल्या दिवशी भेटलेली व्यक्तीच पुढच्या भेटींनाही असते, तर तिथे जा. मँचेस्टरमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या सेंट मेरीज केंद्रात पोलिसांकडे न जाताही थेट जाता येतं. अशी केंद्रं गावोगावी, वस्तीजवळ हवीत असं मी पोटतिडकीने म्हणते. मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीत खिडकीपाशी उभं राहून ‘काय झालंय?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं, मग तेच आणखी चौघांना सांगायचं, या धास्तीनेच कितीतरी जणी घरी बसतात. (पुरुषसुद्धा. त्यांना तर कुणी विचारतही नाही.)

जाण्याआधी फोन करून विचार: तक्रार न करता तपासणी होते का? पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे का? नमुने घेतले तर किती काळ जपून ठेवता? नियम जागोजागी वेगळे असतात, आणि हे तिला दारात पाऊल टाकण्याआधी माहीत असायला हवं.

वेळेत गेलेल्या व्यक्तीची तपासणी कशी होते तेही सांगते, कारण निम्मी भीती त्या बंद खोलीचीच असते. कपडे काढताना पायाखाली मोठा कागद अंथरतात, म्हणजे अंगावरून पडलेला केस, धागा त्यात मिळतो. कापूस लावलेल्या काडीने घेतलेला प्रत्येक नमुना वाळवून वेगळ्या पाकिटात सीलबंद करतात, वर वेळ आणि सही. प्रत्येक पायरीआधी विचारलं पाहिजे आणि ‘थांबा’ म्हटलं की थांबलंच पाहिजे. दोन बोटांच्या ‘कौमार्य चाचणी’ला वैद्यकीय आधार नाही. ती बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलं आहे. कुणी करू लागलं तर ठाम नकार द्यायचा. आणि अंगावर जखम नाही म्हणजे काही घडलंच नाही, असा अर्थ कुठलाही जाणता डॉक्टर काढत नाही.

ती ओरडली नाही, कारण तिचं शरीर थिजलं असणार. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचाराला आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के जणींनी हल्ल्याच्या वेळी अंग जखडून गेल्याचं सांगितलं. ते आपण ठरवून करत नाही. हे तिला सांग, आणि पुन्हा विचारेल तेव्हा पुन्हा सांग.

आज तिला एवढंच विचार: ‘डॉक्टरांकडे जाऊया? मी बाहेर थांबू की आत येऊ?’ नाही म्हणाली तर केंद्राचा नंबर तिच्या फोनमध्ये ठेव आणि विषय तिथेच सोड. तिला न विचारता हे कुणालाही सांगू नकोस, तिच्या घरच्यांनाही नाही. तूही अकरा दिवस हे एकटीने पेलते आहेस. अशा केंद्रांतले समुपदेशक बऱ्याचदा सोबतच्या माणसांशीही बोलतात. फोन करशील तेव्हा स्वतःसाठीही वेळ मागून घे.

तुझी ताई