मुखवटा रबराचाच होता, तरीही

प्रश्न : कॉलेजात असताना रामसे बंधूंचे भुताचे सिनेमे मी जीव मुठीत धरून पाहिले. परवा मुलाला दाखवले, तर तो पोट धरून हसला. म्हणाला, मुखवटा रबराचा, धूर खोटा. आम्हीच भोळे होतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नाही. मुखवटा रबराचाच होता, आणि मला तो आजही मनापासून आवडतो. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ तुमच्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरला चित्रित झाला. पैसा बेताचा, म्हणून सगळं काम घरातच. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाज सांभाळणार. मला तर ते घरच्या लग्नासारखं वाटतं, पडेल ते काम ज्यानं त्यानं उचलायचं.

‘पुराना मंदिर’ (१९८४) मी जत्रेत, तंबूत पाहिला. दार करकरलं, निळ्या धुरातून सामरी, म्हणजे त्यातला सैतान, आला आणि शेजारच्या अनोळखी आजीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की त्यांच्या बांगडीचा वळ उठला. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर. ती उंची, तो लांब चेहरा त्यांचा स्वतःचा. तो काही रबराचा नव्हता!

तुम्ही भरदुपारी मोबाइलवर तर दाखवला नाहीत ना? रात्री दिवे घालवून, आवाज मोठा करून पुन्हा लावा. आणि सामरी समोर आला, की पडद्याकडे नको, मुलाच्या हातांकडे बघा.